कमांडरसाठी ऑनलाइन भिडू जमवणं: जानेवारी ते एप्रिल २०२५ च्या नोंदी

४ जानेवारी २०२५

मॅजिक द गॅदरिंग या पत्त्यांच्या खेळाचे डेक (पत्त्यांचे संच) कपाटात पडून आहेत आणि समोर बसून खेळणारं कोणी उरलेलं नाही, म्हणून ऑनलाइन भिडू शोधायचं काम आजपासून हातात घेतेय. नोंदी यासाठी की मी विचारलं तेव्हा सगळ्यांनी एकच सांगितलं, डिस्कॉर्डवर (गटांत गप्पा मारायच्या ॲपवर) जा, लोक मिळतील. लोक मिळतात हो, पण लोक मिळणं आणि डाव लागणं यात बरंच अंतर आहे, आणि त्या मधल्या अंतराबद्दल कोणी लिहीत नाही.

मला कमांडरच खेळायचंय, मॅजिकचा एक प्रकार. शंभर पत्त्यांचा डेक, बेसिक लँड (मॅना, म्हणजे पत्ते खेळायची ताकद देणारे साधे पत्ते) सोडल्या तर प्रत्येक पत्ता एकदाच, ४० लाइफ, आणि साधारण चार जण. अरीनावर (मॅजिकच्या अधिकृत ॲपवर) चौघांचं टेबल नाही, तिथे ब्रॉल आहे, ते एकास एक. बटण दाबलं की थोड्या वेळात कोणीतरी समोर येतं, पण बोलणं नाही, कोणाशी तह करून तिसऱ्याला अडवणं नाही, आणि कमांडरमधली माझी निम्मी मजा तीच आहे. मॅजिक ऑनलाइन २००२ पासून आहे, तिथे चौघं खेळता येतं, पण तिथले पत्ते पुन्हा वेगळे जमवा. माझे पत्ते तर हातात आहेत. मग उरतात दोन रस्ते, एक कॉकट्रीससारखं फुकट सॉफ्टवेअर आणि दुसरा म्हणजे कॅमेरा टेबलावर रोखून खरे पत्ते खेळायचे, स्पेलटेबलवर. दोन्ही करून बघणार.

डेक दोन घेतलेत, दोन्हींची नावं त्यांच्या म्होरक्या पत्त्यावरून, त्यालाच कमांडर म्हणतात. एक लॅथ्रिलचा, २०२१ च्या कॅल्डहाइम या पत्त्यांच्या मालिकेसोबत आलेला एल्फ प्रीकॉन (तयार विकला जाणारा डेक), थोडे पत्ते बदललेला. दुसरा गॉन्टीचा, समोरच्याचे पत्ते पळवणारा, माझा लाडका.

८ जानेवारी

कॉकट्रीस टाकलं. विंडोज, मॅक, लिनक्स सगळीकडे चालतं. टाकल्यावर त्याच्याच सोबत येणारा ऑरॅकल नावाचा छोटा प्रोग्रॅम आधी चालवा, तो पत्त्यांची यादी उतरवून घेतो, त्याशिवाय पत्ते दिसणार नाहीत. डेक एकेक नाव टाइप करत बसू नका, मॉक्सफील्ड किंवा आर्किडेक्टवर (डेकच्या याद्या ठेवायच्या साइटवर) यादी असेल तर टेक्स्ट कॉपी करून क्लिपबोर्डवरून थेट उघडता येते.

इथे सॉफ्टवेअर नियम पाळून घेत नाही. मॅना मोजणं, ट्रिगर (पत्त्यांचे आपोआप घडणारे परिणाम) लक्षात ठेवणं, लाइफ कमी करणं, सगळं आपलं आपण करायचं. मला ते बरं वाटलं, खऱ्या टेबलासारखं. ज्यांना नियम मशीनने सांभाळावेत असं वाटतं त्यांनी एक्समेज किंवा फोर्ज बघा, फोर्जमध्ये कॉम्प्युटरविरुद्धही खेळता येतं, नवा डेक चालतो का ते तपासायला छान.

भिडूंच्या बाबतीत मात्र आज काही जमलं नाही. टेबल उघडलं, वर्णनाची जागा रिकामी ठेवली, चार खुर्च्या ठेवल्या. एक आला, दुसरा आला, चौथ्याची वाट बघता बघता पहिला उठला, मग दुसराही उठला, असं अर्धा तास. शेवटी चौघं जमले तेव्हा एकाचा डेक महागड्या पत्त्यांनी ठासून भरलेला होता, साहजिक आहे, इथे पत्ते विकत घ्यायचेच नसतात तर माणूस वाट्टेल ते टाकणार. तिसऱ्या टर्नला एक जण न बोलता निघून गेला आणि डाव मोडला.

९ जानेवारी

तेच टेबल, फक्त वर्णनात लिहिलं: "प्रीकॉन पातळी, इन्फिनिट कॉम्बो नको, सावकाश खेळू, टाइप करून बोललं तरी चालेल." (इन्फिनिट कॉम्बो म्हणजे न संपता फिरत राहून डावच संपवणारी पत्त्यांची जुळणी.) भरायला जास्त वेळ लागला पण जे आले ते शेवटपर्यंत बसले. डाव एल्फवर जिंकता जिंकता राहिला, कोणीतरी बोर्ड साफ केला (टेबलावरचे सगळे क्रीचर, म्हणजे लढणारे पत्ते, एकदम काढले), पण रंगला.

तर पहिली कामाची गोष्ट हीच. रिकाम्या वर्णनाचं टेबल म्हणजे ज्याला काहीही चालतं असा माणूस येणार, आणि ज्याला काहीही चालतं त्याला मधेच उठून जाणंही चालतं.

१२ जानेवारी

कॅमेऱ्याचं काम. हे सविस्तर लिहितेय, कारण भिडू टिकणं न टिकणं यावर इतकं अवलंबून असेल असं वाटलं नव्हतं. पत्ते वाचता येत नसतील तर लोक दर मिनिटाला "तो कुठला पत्ता?" विचारतात, डाव लांबतो, आणि पुढच्या वेळी ते दुसरं टेबल बघतात.

कॅमेरा म्हणून फोन वापरला. वरून सरळ खाली बघणारा हवा, तिरका नको, तिरक्यात लांबच्या पत्त्यांची नावं दबतात. आधी पुस्तकांच्या थप्पीतून पट्टी बाहेर काढून तिच्यावर फोन ठेवला. टेबलाला कोपर लागलं की सगळं हलायचं, आणि हललं की ऑटोफोकस परत फोकस शोधत बसायचा. नंतर टेबलाला क्लॅम्पने लागणारा हात घेतला आणि फोकस लॉक केला, तेव्हा कुठे स्थिर झालं. फोन चार्जिंगला लावूनच ठेवा, सलग व्हिडिओ पाठवत राहिला की बॅटरी डावाच्या आधी संपते.

मग उजेड. डोक्यावरचा दिवा चमकदार स्लीव्हवर (पत्त्यांच्या प्लास्टिक पाकिटांवर) पडून नेमका पत्त्याच्या नावावर पांढरा पट्टा यायचा. दिवा बाजूला नेला, त्याच्यासमोर पांढरा कागद धरून उजेड पसरवला, आणि लॅथ्रिलच्या डेकला मॅट स्लीव्ह घातल्या. स्पेलटेबलवर समोरच्याच्या व्हिडिओतल्या पत्त्यावर क्लिक केलं की तो ओळखून त्याचं चित्र बाजूला दाखवतं, पण त्याला पत्ता स्वच्छ दिसला पाहिजे, चमक असेल तर ते तरी काय ओळखणार. फॉइल पत्ते वाकलेले असतील तर साधे घाला.

एक घोळ जो दुसऱ्या स्क्रीनवर बघितल्याशिवाय कळत नाही तो आरशाचा. स्वतःचा व्हिडिओ आपल्याला उलटा दिसतो पण इतरांना सुलटा जातो, किंवा कॅमेरा ॲपमध्ये मिरर चालू असेल तर इतरांनाच उलटा जातो. त्यामुळे आपल्याच स्क्रीनवर बघून काही बदलू नका, दुसऱ्या फोनवरून किंवा टॅबवरून त्याच खोलीत शिरा आणि समोरच्याला काय दिसतंय ते बघा. मी एक पत्ता चारही कोपऱ्यांत फिरवून नाव वाचता येतंय का पाहिलं, आणि चौकटीच्या कडा मॅटवर टेपने आखून घेतल्या. लायब्ररी (ओढायच्या पत्त्यांचा गठ्ठा) उजवीकडे, ग्रेव्हयार्ड (वापरलेले, मेलेले पत्ते) तिच्या खाली, एक्झाइल (डावातून बाद झालेले पत्ते) पूर्ण वेगळ्या कोपऱ्यात आडवा, कमांडर डाव्या वरच्या कोपऱ्यात. ग्रेव्हयार्ड आणि एक्झाइल शेजारी ठेवले की वाद नक्की.

चौकटीत दुसरं काय येतंय तेही बघा. पत्ते ज्यातून घरी आले ते पाकीट टेबलावर पडलेलं असतं आणि त्याच्यावर घरचा पत्ता छापलेला असतो. अनोळखी लोकांसमोर टेबल आणि हात एवढंच दिसलं पाहिजे. चेहरा दाखवायची काही गरज नाही, कोणी मागितला तर नाही म्हणा.

१८ जानेवारी

पहिला कॅमेऱ्यावरचा डाव अनोळखी लोकांबरोबर. एका मोठ्या सर्व्हरवर "पॉवर लेव्हल ७ चे टेबल" असं बघून शिरले. चौघांनीही डेक सातचा आहे असं सांगितलं. एकाने चौथ्या टर्नला दोन पत्त्यांचा कॉम्बो लावून डाव संपवला, माझे तोवर दोन एल्फ खाली उतरले होते.

तो माणूस खोटं बोलला नव्हता. त्याच्या ओळखीतल्या लोकांत तो डेक खरंच सातचा असणार. एक ते दहा हे माप ज्याचं त्याच्याजवळ, कोणाच्याही डेकबद्दल विचारा, सातच म्हणतील, कमांडर खेळणाऱ्यांत हे सगळ्यांना माहीत आहे आणि तरी सगळे तेच विचारतात.

म्हणून आकडा विचारणं बंद केलं. आता बसण्याआधी चार गोष्टी विचारते: डेक साधारण कितव्या टर्नला जिंकतो, दोन पत्त्यांचा इन्फिनिट कॉम्बो आहे का, पत्ता शोधून आणणारे ट्युटर किती, आणि सगळ्यांच्या लँड उडवणारं काही आहे का. उत्तरं यायला मिनिटभर लागतं. ज्याला विचारलेलं आवडत नाही तो तिथेच निघून जातो, आणि तेही चांगलंच.

१९ जानेवारी

गॉन्टीचा डेक कॅमेऱ्यावर काढला आणि घोडं अडलं. गॉन्टी खाली आला की मी समोरच्याच्या लायब्ररीतले वरचे चार पत्ते बघायचे, एक पालथा एक्झाइल करायचा, बाकीचे तळाला, आणि तो पालथा पत्ता मी नंतर खेळू शकते. समोरासमोर हे दहा सेकंदांचं काम. कॅमेऱ्यावर पत्ते त्याच्या हातात, बघायचं मी, आणि उरलेल्या दोघांना दिसायला नको.

आधी केलं ते असं: बाकी दोघांनी डोळे मिटायचे आणि त्याने चार पत्ते कॅमेऱ्यापुढे धरायचे. चाललं नाही, कारण पत्ते धरता धरता तो स्वतःच ते बघतो. खरं तर त्यालाही दिसायला नको असतात. मग त्याने चारही पत्ते न बघता फोनसमोर धरून फोटो काढला आणि मला खासगी मेसेजमध्ये पाठवला, मी "डावीकडून तिसरा" असं सांगितलं, त्याने तो पालथा बाजूला ठेवला. मी तो खेळले तेव्हा त्याने स्वतःच्या टेबलावर उलटा केला आणि माझ्या बाजूला मी कागदाची चिठ्ठी ठेवली, नाव आणि ताकद लिहून. चालतं, पण समोरच्याचा पूर्ण भरवसा लागतो आणि टर्न दुप्पट लांबते.

गॉन्टी आता ओळखीचं टेबल जमेपर्यंत बंद. नव्या लोकांबरोबर बसताना पत्ते पळवणारे, हात बघणारे डेक आणू नका, तुमच्या डेकसाठी बाकी तिघांना काम पडतं.

एल्फचाही एक प्रश्न निघाला. लॅथ्रिलने डॅमेज दिलं की तितके एल्फ टोकन (डेकमध्ये नसलेल्या क्रीचरच्या खुणा) येतात, आणि दहा उभे एल्फ आडवे केले (वापरलेला पत्ता आडवा करतात) की प्रत्येक विरोधकाचे १० लाइफ जातात. म्हणजे किती उभे किती आडवे हे सगळ्यांना सतत दिसलं पाहिजे. टोकनवर फासा ठेवते, पण फाशावरचे ठिपके कॅमेऱ्यात पुसट. आता दोन टोकन ठेवते, एक उभं एक आडवं, दोन्हींवर मोठ्या आकड्यांचा फासा, आणि बदललं की तोंडाने सांगते, "सहा उभे, चार आडवे". तोंडाने सांगायची सवय लावाच. हातात किती पत्ते, मॅना किती उरला, टर्न संपली, सगळं मोठ्याने. पत्ते पिसताना हात चौकटीत ठेवा.

२५ जानेवारी

भिडू हवेत अशा जाहिराती बघितल्या तर बहुतेक एका ओळीच्या असतात, "कोणी खेळणार का?" मीही आधी तेच टाकत होते आणि उत्तर यायचं, "कधी?", मग "कुठे?", मग शांतता. आता टाकलेला मजकूर असा (मूळ इंग्रजीत होता, इथे मराठीत; यूटीसी म्हणजे जागतिक प्रमाणवेळ):

"शनिवार, १५:०० यूटीसी. स्पेलटेबल, खरे पत्ते किंवा प्रॉक्सी दोन्ही चालतील. प्रीकॉन किंवा थोडा बदललेला प्रीकॉन, इन्फिनिट कॉम्बो नाही, लँड उडवणं नाही. एक डाव, साधारण दोन तास. माइक हवा, कॅमेरा फक्त टेबलावर. नवीन असाल तर नियम सांगू. दोन जागा आहेत."

त्याच दिवशी उत्तरं आली, आणि कोणालाच पुढे काही विचारायची गरज पडली नाही. "एक डाव" हे लिहिणं सगळ्यात उपयोगी पडलं असं मला वाटतं, लोकांना आपण कधी सुटणार ते कळलं की ते हो म्हणतात. प्रॉक्सी (खऱ्या पत्त्याऐवजी छापलेली नक्कल) चालतील असं लिहिल्याने ज्यांच्याकडे थोडेच पत्ते आहेत ते पण आले.

टेबल आपण मांडायचं, दुसऱ्याने मांडलेल्यात जागा शोधत फिरायचं नाही, एवढं आता पक्कं.

१ फेब्रुवारी

हो म्हणालेला येत नाही. याचा त्रास खूप होतो, तिघं कॅमेरे लावून बसलेले आणि चौथ्याचा पत्ता नाही. सुरुवातीला आम्ही वाट बघत बसायचो, मग तिघांतलाच एक कंटाळून जायचा.

आता टेबल तिघांचं ठरवायचं आणि चौथा आला तर बोनस. वेळ झाल्यावर पंधरा मिनिटं थांबायचं, मग तिघांनी सुरू. तिघांचं कमांडर उत्तम होतं, टर्न लवकर येते. चौथा उशिरा आला तर पुढचा डाव. न आलेल्याला रागावून काही लिहायचं नाही, फक्त "पुढच्या शनिवारी आहोत" एवढंच. त्यांतले काही खरंच पुढच्या शनिवारी येतात, आणि त्यांतलीच एक झॉम्बीवाली (झॉम्बींचा डेक खेळणारी) आज आमच्या टेबलाचा कणा आहे.

१५ फेब्रुवारी

या आठवड्यात कमांडर ब्रॅकेट (डेकच्या ताकदीच्या अधिकृत पातळ्या) जाहीर झाले, अजून बीटा म्हणून, पण माझं काम एकदम सोपं झालं. पाच पातळ्या: एक्झिबिशन, कोअर, अपग्रेडेड, ऑप्टिमाइज्ड आणि सीईडीएच (स्पर्धेच्या ताकदीचं कमांडर). सोबत गेम चेंजर्स नावाची, डाव फिरवणाऱ्या पत्त्यांची यादी, त्यात ऱ्हिस्टिक स्टडी, स्मदरिंग टाइथ, सायक्लॉनिक रिफ्ट, डेमॉनिक ट्युटर असे पत्ते. पहिल्या दोन पातळ्यांत यादीतला एकही पत्ता नको, तिसरीत तीनपर्यंत चालतात, वरच्या दोनांत मर्यादा नाही. सगळ्यांच्या लँड बंद पाडणं पहिल्या तीन पातळ्यांत नाही. जाहीर करताना साधारण प्रीकॉन दुसऱ्या पातळीत धरलाय.

गेल्या सप्टेंबरात मॅना क्रिप्ट आणि ज्वेल्ड लोटस बॅन झाले, त्यावर इतकी भांडणं झाली की जुन्या रूल्स कमिटीने फॉरमॅटची जबाबदारीच विझार्ड्सकडे (मॅजिक काढणाऱ्या कंपनीकडे) दिली, त्यानंतरचं हे पहिलं मोठं पाऊल.

माझ्या लॅथ्रिलमध्ये एक डेमॉनिक ट्युटर होता, त्या एका पत्त्याने डेक तिसऱ्यात जात होता. काढला, साधा एल्फ घातला. जाहिरातीत आता "ब्रॅकेट २" लिहिते. पण माझे चार प्रश्न सोडले नाहीत, कारण गेम चेंजर एकही नसलेला डेकसुद्धा पाचव्या टर्नला मारू शकतो. ब्रॅकेट गप्पा सुरू करायला आहे, गप्पा संपवायला नाही.

२२ फेब्रुवारी

आवाजाचं. चौघांचे माइक उघडे असले की पंख्याचा, कीबोर्डचा, स्पीकरमधून परत येणारा आवाज, दोन तासांत डोकं उठतं. हेडफोन घाला, समोरच्याचा आवाज तुमच्या माइकमध्ये परत जात नाही, एवढ्याने निम्मा त्रास संपला. इंग्रजी प्रत्येकाची वेगळी, पत्त्यांची नावं कळत नाहीत, तेव्हा नाव पुन्हा पुन्हा ओरडण्यापेक्षा पत्ता कॅमेऱ्याजवळ धरा किंवा चॅटमध्ये टाइप करा. वाद झाला तर स्क्रायफॉलवर (मॅजिकचे पत्ते शोधायच्या साइटवर) पत्ता उघडून खालची रूलिंग वाचायची, तिथे नाही मिटलं तर फासा टाकून पुढे जायचं, असं आम्ही ठरवलंय.

आज एक जण भेटला ज्याच्या क्रीचरवर कोणी हात टाकला की तो चिडायचा, मग टोमणे, मग मुद्दाम एकाच माणसावर सगळे हल्ले. रडीचा डाव. बाकीच्यांनी समजवायचा प्रयत्न केला, त्यात अर्धा तास गेला. यापुढे असं झालं की मी "माझा डाव इथेच थांबवते, धन्यवाद" म्हणून उठणार आणि ब्लॉक करणार. अनोळखी माणसाला सुधारायचं काम आपलं नाही, आणि त्या वेळात टेबलावरची चांगली माणसं कंटाळून जातात, ती परत मिळत नाहीत.

खासगी मेसेजमध्ये पत्ते विकणारे, अदलाबदल करू म्हणणारेही येतात. खेळायचं टेबल आणि व्यवहार एकत्र करायचे नाहीत, सगळ्यांना एकच उत्तर.

१ मार्च

ज्यांच्याबरोबर डाव चांगला झाला ते परत कसे आणायचे? "मस्त झाला, परत खेळू" असं सगळेच म्हणतात आणि कोणीच खेळत नाही. मी काय करते, डाव संपून लोक अजून टेबलावर असतानाच विचारते: पुढच्या शनिवारी याच वेळी, येणार? हो म्हणाले की त्याच रात्री मेसेज, त्यात त्यांच्या डेकबद्दल एक वाक्य असतं, खरं वाटलेलं. झॉम्बीवालीला लिहिलं होतं की तू ग्रेव्हयार्डमधून एकदम सगळं परत आणलंस तेव्हा मी हातातला बोर्ड साफ करणारा पत्ता आधीच्या टर्नला उडवल्याचं इतकं वाईट वाटलं. तिचं उत्तर मोठं आलं, आणि त्यातून आम्ही पत्त्यांव्यतिरिक्त पण बोलायला लागलो.

अशा लोकांसाठी डिस्कॉर्डवर छोटा सर्व्हर काढला. सुरुवातीला नियम, डेकयाद्या, ट्रेड, गप्पा, फोटो असे बरेच चॅनल केले होते, सगळे ओस. आता दोनच, "टेबल" आणि "गप्पा". रिकाम्या खोल्या दिसल्या की नवीन माणसाला वाटतं इथे कोणी राहत नाही.

दिवस ठरवायला पोल टाकायचो तेही बंद केलं. पोलमध्ये प्रत्येकाला वेगळा दिवस सोयीचा असतो आणि दर आठवड्याला नव्याने ठरवावं लागतं. शनिवार म्हणजे शनिवार, ज्याला जमेल तो येईल.

१५ मार्च

आज अमेरिकेतला कंट्रोलवाला (समोरच्यांना अडवत राहणारा डेक खेळणारा) एक तास आधी येऊन, एकटा बसून, निघून गेला. कारण घड्याळ. अमेरिकेत ९ मार्चला घड्याळ एक तास पुढे गेलं, युरोपात ३० मार्चला जाणार, आणि आमचं टेबल १५:०० यूटीसीला पक्कं. त्याच्या डोक्यात "सकाळी दहा" बसलेलं, ते आता अकरा झालं होतं. मधल्या तीन आठवड्यांत तिन्हीकडची घड्याळं आपापसांत जुळत नाहीत.

उपाय डिस्कॉर्डमध्येच आहे. वेळ टाइमस्टॅम्पच्या कोडने टाकली की वाचणाऱ्याला ती त्याच्या स्वतःच्या घड्याळाप्रमाणे दिसते, कोड बनवून देणाऱ्या साइट शोधल्या की मिळतात. शिवाय इव्हेंट बनवता येतो, तो सुरू झाला की इच्छुकांना सूचना जाते. साध्या आकड्यात वेळ लिहिणं आजपासून बंद. कंट्रोलवाल्याची माफी मागितली, तो पुढच्या वेळी येतोय.

५ एप्रिल

युरोपचं घड्याळ बदलल्यावरचा पहिला शनिवार, सगळे वेळेवर. इव्हेंटमुळेच.

आता नवीनच प्रश्न, पाच जण आले. पाच जणांचा एक डाव करून बघितला, एक टर्न परत यायला इतका वेळ गेला की मधे लोक फोन बघायला लागले, आणि जो आधी हरला तो तासभर नुसता बसला. पुढच्या वेळी पाच आले तर तीन आणि दोन, दोघांनी वन ऑन वन, मग अदलाबदल. सहा आले तर तीन-तीन. चारपेक्षा मोठं टेबल नाही.

कोणी विचारलं होतं पोकेमॉन किंवा यू-गी-ओसाठी हेच लागेल का. ते मुळात दोघांचे खेळ, म्हणून भिडू शोधणं बरंच हलकं. पोकेमॉन टीसीजी लाइव्ह आणि यू-गी-ओचं मास्टर ड्युएल दोन्हीकडे समोरचा आपोआप मिळतो. हाताने सगळं हलवायचं असेल तर यू-गी-ओसाठी ड्युएलिंग बुक आहे. पण ठरलेल्या माणसांबरोबर दर आठवड्याला खेळायचं असेल तर जाहिरात, वेळ आणि डाव संपताना विचारणं, हे तिथेही लागेलच.

२६ एप्रिल

या आठवड्यात काही पत्त्यांवरची बॅन उठली, त्यात गिफ्ट्स अनगिव्हन पण आहे, आणि ते थेट गेम चेंजर्समध्ये टाकलंय. कंट्रोलवाल्याला ते लगेच हवं होतं. आमचं टेबल ब्रॅकेट २, म्हणजे नाही. झॉम्बीवाली म्हणाली महिन्यातला शेवटचा शनिवार ब्रॅकेट ३ ठेवू, बाकीचे आहेत तसे. सगळ्यांना पटलं, "टेबल" मध्ये वरच पिन करून ठेवलं.

आणि आज गॉन्टी काढला, पहिल्यांदाच ओळखीच्या टेबलावर. फोटो, खासगी मेसेज, पालथा पत्ता, चिठ्ठी, सगळं त्याच पद्धतीने, पण आता कोणाला समजावून सांगावं लागलं नाही, माझ्यासारखाच एल्फचा डेक बनवून आलेल्या नवीन मुलाने तर मी सांगायच्या आधीच फोन उचलला. त्याच्या लायब्ररीतून मी क्रेटरहूफ बेहेमथ पळवला आणि त्याच्यावरच सोडला. तो म्हणाला पुढच्या शनिवारी बदला.

पुढचं काम: दोघं जण मे महिन्यात परीक्षांमुळे येणार नाहीत, म्हणून दोन जागांची जाहिरात उद्या टाकायची. मजकूर जानेवारीतलाच, फक्त "प्रीकॉन" च्या जागी "ब्रॅकेट २" आणि वेळ टाइमस्टॅम्पमध्ये.